घरातील शस्त्र व धन्याचे कर्तव्य

एखादी वस्तू आपल्या मालकीची आहे असे म्हणताना आपण बहुधा तिच्यावरील हक्काचाच विचार करतो. ती वापरावी, विकावी, दुसऱ्यास द्यावी अथवा पेटीत घालून ठेवावी, हे ठरविण्याचा अधिकार आपला, एवढाच मालकी या शब्दाचा अर्थ व्यवहारात उरला आहे. परंतु काही वस्तू अशा असतात की, त्यांच्या मालकीत हक्काचा भाग थोडा आणि उत्तरदायित्वाचा भाग फार. उघडी विहीर, मारका बैल, विषाची बाटली आणि बंदूक ही त्यांतली ठळक उदाहरणे होत. विहिरीस कठडा बांधावयास पैसा नाही म्हणून ती तशीच राहिली व शेजाऱ्याचे मूल तीत पडले, तर धन्याच्या दारिद्र्याकडे पाहून त्यास दोषमुक्त करावे काय? हाच प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखात बंदुकीसंबंधाने विचारू इच्छितो. घरात शस्त्र आहे, ते ठेवण्याचे कारणही रास्त आहे, परंतु ते नीट बंदोबस्तात ठेवण्याइतकी ऐपत नाही. अशा गृहस्थाचे कर्तव्य काय?

आमच्या पुष्कळ वाचकांस हा विषय आपला नव्हे असे प्रथम वाटेल. बंदूक म्हटली की संस्थानिकाचा दिवाणखाना, भिंतीवरील वाघाचे मुंडके आणि काचेचे कपाट डोळ्यांपुढे येते. वस्तुस्थिती निराळी आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेल्या बंदुका साध्या शेतकऱ्यांच्या घरी आहेत. रानडुकरे भात तुडवितात, वानर नारळ व केळी नासतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे जनावर मारण्यास वेगळी परवानगी लागते, तेव्हा बंदुकीचे काम बहुधा बार काढून भीती घालण्याचे. शहरात पेढीच्या किंवा बँकेच्या दाराशी बसणारा पहारेकरी, पुष्कळदा निवृत्त सैनिक, स्वतःच्या परवान्यावरील बंदूक घेऊन चाकरी करतो व पाळी संपली की तीच बंदूक एका खोलीच्या बिऱ्हाडात आणतो. तेथे बायको, मुले, म्हातारी आई आणि बंदूक यांची वस्ती एकत्र असते. जाड पोलादाचे, भिंतीत बोल्टांनी जखडलेले कपाट घेणे अशा घरास सहज झेपण्यासारखे नसते. म्हणजे प्रश्न श्रीमंताच्या छंदाचा नसून गरिबाच्या संसाराचा आहे.

या प्रश्नास दोन उत्तरे सर्रास दिली जातात. पहिले असे की, ज्यास कपाट परवडत नाही त्याने बंदूक ठेवूच नये. दुसरे असे की, कर्तव्य शक्तीप्रमाणे असते. गरिबाकडून जेवढे होईल तेवढे त्याने करावे, पुढचे दैवावर सोपवावे. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत.

पहिल्या उत्तरातील सत्य हे की, आपल्या सोयीसाठी दुसऱ्यावर संकट लादण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु ते जसेच्या तसे मान्य केले तर शस्त्र हा धनिकांचा मक्ता होऊन बसेल. आपल्या देशास या मक्तेदारीचा अनुभव नवा नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसास परवान्याच्या बंधनात ठेवले व युरोपियनास त्यातून सूट दिली. ही सल इतकी खोल होती की, १९३१ साली कराची येथील काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. शिवाय ज्या शेताच्या काठावर रान आहे ते शेत बहुधा गरिबाचेच असते. गरज ज्याची अधिक त्यासच साधन नाकारणे हा न्याय चमत्कारिक दिसेल.

दुसऱ्या उत्तराचा मोह अधिक, कारण त्यात दया आहे. परंतु येथे दोन प्रकारच्या कर्तव्यांची गल्लत होते. दान ऐपतीप्रमाणे द्यावे हे खरे. दमडी असलेल्याने दमडी दिली तरी त्याचा धर्म पुरा झाला. पण अपाय न करण्याचे कर्तव्य ऐपतीच्या मापाने मोजता येत नाही. घाटात गाडी हाकणाऱ्यास ब्रेक दुरुस्त करण्यापुरता पैसा नसेल, तर ‘माझ्या शक्तीप्रमाणे मी अर्धा ब्रेक ठेवला आहे’ असे म्हणण्याची त्यास मुभा नाही. दानाचे माप देणाऱ्याची थैली; अपाय टाळण्याचे माप त्या वस्तूतील धोका. बंदुकीच्या नळीतून निघालेली गोळी धन्याचे उत्पन्न विचारीत नाही.

मग गरिबाची सुटका कशी? आमच्या मते, कर्तव्याची मात्रा गरिबास व श्रीमंतास एकच, परंतु ते पार पाडण्याचे साधन एकच नाही. श्रीमंत जे पैशाने करतो त्यातील पुष्कळसे गरिबास विवेकाने व नियमाने करता येते. हे म्हणणे नुसते समाधानाचे नव्हे, हे दाखविण्यासाठी एक जुना दाखला घेऊ.

शस्त्रे ठेवण्याची सर्वांत प्रसिद्ध अडचण आपल्या वाङ्मयात पांडवांस पडली. अज्ञातवासास निघालेले पाच राजपुत्र, जवळ राज्य नाही, द्रव्य नाही, आणि हाती सर्व जगास ठाऊक असलेली आयुधे. ती घेऊन विराटाच्या नगरात शिरले असते तर लोक भयभीत झाले असते व ओळखही पटली असती. तेव्हा त्यांनी काय केले, ते विराटपर्वात तपशिलाने सांगितले आहे. प्रथम धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या. मग स्मशानाजवळची, वाटेपासून दूर असलेली उंच शमी पाहिली. नकुलाने वर चढून, फांदी मोडणार नाही व पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी ती आयुधे बळकट दोरांनी बांधली. शेवटी झाडावर एक प्रेत बांधले, आणि ही आमची एकशेऐंशी वर्षांची माता असून अशी आमची कुलरीत आहे असे वाटेवरच्या गुराख्यांस सांगितले, म्हणजे दुर्गंधीने व भीतीने कोणी तिकडे फिरकू नये. दसऱ्यास आपण शमी पुजतो, परंतु त्या झाडावर सांभाळाचे जे शास्त्र दिसते त्याकडे आपले लक्ष जात नाही. शस्त्र निष्क्रिय करणे, हाताच्या पल्ल्याबाहेर ठेवणे, हवापाण्यापासून राखणे, आणि परक्याचे पाऊल तिकडे वळणार नाही अशी योजना करणे: या चारही गोष्टी साधल्या, आणि खर्च दोरापुरता झाला.

आता आपल्या घराकडे येऊ. बंदुकीस दोन प्रकारच्या माणसांपासून जपावे लागते, हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. एक चोर. तो बाहेरून येतो, त्याच्याजवळ पहार असते, आणि त्यास अडविण्यास पोलाद लागते. दुसरे घरचेच माणूस: जिज्ञासू मूल, दारू प्यालेला भाऊ, किंवा निराशेने घेरलेला तरुण. त्याच्या हाती पहार नसते. त्यास थांबविण्यास वेळ व अंतर पुरते. खर्च मुख्यतः पहिल्यासाठी होतो आणि अनर्थ पुष्कळदा दुसऱ्याकडून ओढवतो. म्हणून ‘कपाट परवडत नाही, सबब काहीच करता येत नाही’ हा युक्तिवाद मुळातच ढिला आहे. चोराविरुद्धचा बंदोबस्त अपुरा राहिला तर ती गरिबीची मर्यादा म्हणता येईल. घरच्या मुलापुढे भरलेली बंदूक राहिली तर तिला गरिबी हे नाव देता येत नाही.

घरच्यांसाठी जे करावयाचे त्यास पैसा किती लागतो ते पाहा. बंदूक कधीही भरलेली ठेवू नये, यास काही लागत नाही. दुनळी बंदूक तीन भागांत सुटते. नळीखालचा पुढचा लाकडी भाग काढून वेगळ्या जागी ठेवला तर दस्ता व नळी जोडून बार काढणे सहज शक्य होत नाही, यासही काही लागत नाही. कोकणातील ठासणीच्या बंदुकीची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण एकदा दारू ठासली की ती काढण्याचा खटाटोप नको म्हणून ती तशीच भरलेली कोपऱ्यात टेकविण्याचा मोह होतो. तेथे नियम एवढाच की, रानातून परतताना निर्धोक जागी बार काढून नळी रिकामी करावी, आणि केपा, दारू व छर्रे बंदुकीच्या जवळ कधीही असू नयेत. काडतुसे कुलूपबंद डब्यात, बंदूक दुसऱ्या कुलपात. कपाट नसेल तर लोखंडी ट्रंक आतून बोल्ट घालून भिंतीस अथवा जमिनीस जखडता येते. तेही नसेल तर दोन सांध्यांमधून तारेचे कुलूप ओवून बंदूक मिटणारच नाही अशी करता येते. पावसाळ्यात तेलाचे फडके वरचेवर फिरवावे, कारण कोकणच्या दमट हवेत बंद पेटीतील लोखंड लवकर गंजते, आणि गंजाच्या भीतीने पेटी उघडी ठेवण्याची सवय लागते. कॅनडातील १९९८ चे नियम पाहिले तर साध्या शिकारी बंदुकीसाठी तेही महाग कपाटाची सक्ती करीत नाहीत. बंदूक रिकामी असावी, आणि तिला कुलूप लावावे, किंवा तिचा खटका काढून ठेवावा, किंवा ती बंद पेटीत ठेवावी, असे पर्याय ते देतात. कायद्यानेही येथे धोक्याचे माप धरले आहे, थैलीचे नव्हे.

सर्वांत कठीण वस्तू कुलूप नसून किल्ली आहे. आपल्या घरांत किल्ली देव्हाऱ्यामागे, तांदळाच्या डब्यात किंवा फडताळाच्या वरच्या फळीवर असते, आणि ती कोठे असते हे घरातील सर्वांत लहान मुलासही ठाऊक असते. पूर्वीच्या गृहिणी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावीत, त्यात मोठा अर्थ होता. बंदुकीची किल्ली परवानाधारकाच्या अंगावरच असली पाहिजे. यास खर्च शून्य. परंतु रोज, न कंटाळता, वर्षानुवर्षे ते करावे लागते. गरिबास खरी जड जाणारी गोष्ट हीच, आणि ती श्रीमंतासही तितकीच जड जाते.

येथे कोणी म्हणेल की, आमची मुले शहाणी आहेत. बंदुकीस हात लावू नये असे आम्ही त्यांस बजावले आहे. हा विश्वास गोड आहे, परंतु तो टिकत नाही. २००१ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या एका मासिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलांना दोनतीनच्या २९ गटांत एका खोलीत थोडा वेळ सोडले. तेथील खणात एक खरे, पण बार उडणार नाही असे केलेले पिस्तूल ठेवले होते. २१ गटांस ते सापडले, १६ गटांनी ते हाताळले, आणि १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे: ज्यांनी पिस्तूल हाताळले किंवा चाप ओढला त्यांपैकी दहांत नऊंहून अधिक मुलांना बंदुकीविषयी काही ना काही सूचना पूर्वी मिळालेली होती. उपदेश निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रौढाने स्वतःचे काम न करता मुलाच्या संयमावर भार टाकणे हा अन्याय आहे. मुलाचे कुतूहल हा त्याचा दोष नव्हे. भरलेली बंदूक त्या कुतूहलाच्या वाटेत ठेवणे हा आपला दोष होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रात्री डुक्कर शेतात शिरले किंवा दरोडेखोर दाराशी आला, तर कुलपे उघडीत बसावयाचे काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात, घरातील बंदूक सुटी करून अथवा चापास कुलूप लावूनच ठेवावी हा राजधानीचा नियम रद्द केला, त्यामागे आत्मसंरक्षणाचाच विचार होता. तो विचार आम्ही क्षुल्लक मानीत नाही. कुलपाने दोनचार मिनिटे जातात हे खरे आहे, आणि क्वचित प्रसंगी त्या मिनिटांचे मोल द्यावे लागेल हेही खरे. परंतु त्याच मिनिटांची दुसरी बाजूही आहे. इस्रायलच्या सैन्यात २००६ साली आठवड्याअखेरच्या सुट्टीस घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांनी बंदूक बरोबर नेऊ नये असा हुकूम निघाला. त्यानंतर त्या वयाच्या सैनिकांतील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. म्हणजे ज्यांस त्या क्षणी साधन मिळाले नाही त्यांतील पुष्कळांनी दुसरे साधन शोधले नाही. तो क्षण निघून गेला व ते जगले. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासातही बंदूक रिकामी, कुलपात, आणि काडतुसे वेगळी व कुलपात असणे, या चारही सवयी मुलांच्या अपघाती व आत्मघाती इजा कमी असण्याशी निगडित आढळल्या. डुकराने एक वाफा नासला तर तो पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येतो. दोन्ही पारडी अशी शेजारी धरली म्हणजे बहुतेक घरांपुरता तरी निर्णय अवघड राहत नाही. आणि ज्या घरात कोणी मनाने खचलेले आहे, किंवा भांडण व व्यसन यांनी वातावरण तापलेले आहे, तेथे तर बंदूक काही काळ पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून द्यावी. आपल्या कायद्यात तशी सोय आहे. परवाना नसलेल्या शेजाऱ्याकडे मात्र ती देता येत नाही.

आता तत्त्वाच्या सर्वांत अवघड जागी येतो. दोन गृहस्थ सारखेच निष्काळजी. दोघांचीही भरलेली बंदूक खाटेखाली. एकाच्या घरी काहीच घडत नाही, दुसऱ्याच्या घरी मूल मरते. पहिल्यास आपण फार तर विसराळू म्हणतो, दुसऱ्यास अपराधी. वस्तुतः दोघांच्या कृतीत तिळमात्र भेद नाही. भेद आहे तो दैवात. बर्नार्ड विल्यम्स व थॉमस नेगेल या तत्त्ववेत्त्यांनी १९७६ साली हा प्रश्न ‘नैतिक दैव’ या नावाने ऐरणीवर आणला. त्याचा सर्वमान्य निकाल अद्याप लागलेला नाही. पण व्यवहारासाठी त्यातून एक बोध निघतो असे आम्हांस वाटते: अनर्थ न घडणे हा आपल्या सावधपणाचा पुरावा नव्हे. वीस वर्षे बंदूक खुंटीवर टांगली आहे व काही झाले नाही, हे वाक्य आपल्या गुणाविषयी काहीच सांगत नाही.

याच संदर्भात अमेरिकेतील मिशिगन राज्यातील एक खटला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी ऑक्सफर्ड या गावच्या शाळेत एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने चार सहाध्यायांस ठार केले. २०२४ साली त्याची आई व बाप यांस, घरातील पिस्तूल मुलापासून राखले नाही व त्याच्या मनाच्या स्थितीकडे काणाडोळा केला म्हणून, वेगवेगळ्या ज्यूरींनी मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. दोघांस दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. खटल्यात निघालेला एक लहानसा तपशील आमच्या प्रश्नास थेट भिडतो. बंदुकीस लावावयाचे तारेचे कुलूप त्या घरात होते; ते वेष्टणातून काढलेलेच नव्हते. जेथे कुलूप आयते हाताशी असून लागले नाही, तेथे उणीव पैशाची होती असे कोण म्हणेल?

तथापि सर्व भार गरिबाच्या शिरावर टाकून समाजाने हात झटकावे असाही आमचा अभिप्राय नाही. शस्त्राचा परवाना देताना सरकार अर्जदारास शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जागा आहे काय हे विचारते. मग ज्यास पीकसंरक्षणासाठी बंदूक बाळगण्याची परवानगी दिली त्यास परवान्याबरोबर एक तारेचे कुलूप देणे हे अनाठायी औदार्य ठरू नये. अमेरिकेत बंदूक व्यावसायिकांच्या संस्थेनेच १९९९ पासून अशी कुलुपे विनामूल्य वाटली आहेत. निवडणुकीच्या काळात गावोगावच्या बंदुका ठाण्यांत जमा होतात व शेतकरी वानरांपुढे रिकाम्या हाताने उभा राहतो, अशी तक्रार कोकणात व गोव्यात नेहमी ऐकू येते. मतपेटीच्या रक्षणासाठी जे सरकार इतकी व्यवस्था करते, त्यास लेकरांच्या रक्षणासाठी पाचपन्नास कुलुपांची व्यवस्था जड नसावी. पहारेकऱ्याच्या बाबतीत तर मालकाचेच कर्तव्य स्पष्ट आहे: ज्याच्या तिजोरीसाठी बंदूक चालते, त्यानेच पाळी संपल्यावर ती ठेवण्यास कायदेशीर व कुलूपबंद जागा द्यावी. पण समाज आपले कर्तव्य करीपर्यंत धन्याचे कर्तव्य तहकूब राहत नाही, हे पुन्हा सांगितले पाहिजे.

शेवटी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधून हा लेख पुरा करतो. वाल्मीकीच्या अरण्यकांडात सीता रामास एका तपस्व्याची कथा सांगते. इंद्राने योद्ध्याचा वेष घेऊन त्या तपस्व्यापाशी एक खड्ग ठेव म्हणून ठेवले. तपस्वी प्रामाणिक, ठेव हरवू नये म्हणून फळे-मुळे आणावयास जातानाही तो ते खड्ग बरोबर नेऊ लागला. नित्य हाती वागविता वागविता त्याची बुद्धी क्रूर झाली, तप सुटले आणि तो अधोगतीस गेला. या कथेतील तपस्व्याने चोरी केली नाही, विश्वासघात केला नाही. तो केवळ शस्त्रास क्षणभरही दूर ठेवू शकला नाही. कुलूप मुलासाठी व चोरासाठी असते असे आपण समजतो. परंतु सीतेने सांगितलेला धोका तिसरा आहे, व तो किल्ली बाळगणाऱ्याच्याच ठिकाणी आहे. रागाच्या भरात उठलेल्या धन्यासही आधी किल्ली काढावी लागते, पेटी उघडावी लागते, सुटे भाग जोडावे लागतात, दुसरे कुलूप उघडून काडतुसे आणावी लागतात. आणि इतके करीपर्यंत तो पुन्हा माणसांत येण्याचा संभव असतो. ही सवलत गरिबास व श्रीमंतास सारखीच मिळते, आणि ती मिळविण्यास एका साध्या कुलपाहून अधिक द्रव्य लागत नाही.